दुसऱ्यांचा वर्ग सुधारताना

ताई : तुझी संस्था एकही वर्ग चालवत नाही. तुमच्या पटावर एक मूल नाही, कुठल्या वस्तीत तुमच्या नावाची एक खोली नाही. आम्ही संध्याकाळी समाजमंदिर उघडतो, पोरं गोळा करतो, जो आला नाही त्याच्या घरी जाऊन विचारतो. मग तुम्ही येता आणि वर्ग कसा घ्यावा ते सांगता. तुमचं आम्ही का ऐकायचं? मी भांडायला विचारत नाही. या कामात पैसा मुळातच थोडा. त्यातला काही वाटा मुलांपर्यंत न जाता, मुलांना शिकवणाऱ्यांना शिकवणाऱ्यांकडे जात असेल तर त्याचा जाब मागायचा मला अधिकार आहे.

संचालक : आहेच, ताई. माझं उत्तर मुलांच्या वयापासून सुरू होतं. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि तो सहा ते चौदा वयाच्या मुलांचा आहे. उशिरा दाखल झालेल्यांना आठवी होईपर्यंत त्यात सवलत आहे, पण कायद्याचं कुंपण तिथेच संपतं. दुसरीकडे बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. घरच्या धंद्याची सूट वगळता चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावायची बंदी आली, आणि चौदा ते अठराच्या मुलांना धोकादायक नसलेल्या कामाची मुभा राहिली. म्हणजे शिकायचा हक्क ज्या वयाला संपतो त्याच वयाला राबायची परवानगी सुरू होते. ४ जुलै २०१५ ला राज्यभर शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं, तेव्हा घराघरांत गेलेल्या शिक्षकांनी सहा ते चौदाचीच मुलं शोधली. पंधरा वर्षांची, लग्न ठरलेली मुलगी त्याच घरात भांडी घासत असली तरी त्या कागदावर तिला जागा नव्हती. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाची २०२३ ची ग्रामीण पाहणी सांगते की चौदाव्या वर्षी कुठेच नाव दाखल नसलेली मुलं ३.९ टक्के आणि अठराव्या वर्षी ३२.६ टक्के. आणि चौदा ते अठरा वयोगटातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सरळ वाचता येत नाही.

आता या मुलांसाठी काय काय चालतं ते बघा. अभ्यासिका, किशोरी गट, खेळाचे गट, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवणारे वर्ग. यांना केंद्रप्रमुख नाही, ठरलेलं पुस्तक नाही, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं, म्हणजे डाएटचं, प्रशिक्षण नाही. वर्ग घेणारी मुलगी बारावी झालेली, त्याच वस्तीतली. तिचं रजिस्टर तपासतात, हजेरी मोजतात, फोटो मागवतात. तिने तो दीड तास कसा घेतला हे मात्र कुणीही, कधीही बसून पाहिलेलं नसतं. आम्ही ते पाहतो. पाहिलेलं तिच्याशी बोलतो, पुढच्या महिन्यात काय वेगळं करायचं ते तिच्याबरोबर ठरवतो आणि परत येतो. आमचं काम एवढंच आहे, आणि ते दुसरं कुणी करत नाही.

ताई : पाहता म्हणजे हातात छापील फॉर्म घेऊन मागे बसता. तो फॉर्म कुठून आला?

संचालक : मूळ अमेरिकेतून, मिशिगन राज्यातल्या यप्सिलांटी गावातून. डेव्हिड वायकार्ट या माणसाने १९६० च्या दशकात तिथे गरीब घरच्या छोट्यांसाठी बालशाळा चालवली आणि त्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला. त्याच्या संस्थेने पुढे शाळेच्या वेळेबाहेरच्या युवक कार्यक्रमांसाठी निरीक्षणाचं साधन तयार केलं. त्यात चार थर आहेत. मुलाला इथे सुरक्षित वाटतं का, हे सगळ्यात खाली. मोठी माणसं त्याला आधार देतात का. मुलं एकमेकांशी बोलतात, मिळून काही करतात का. आणि सर्वांत वर, काय करायचं हे मुलं स्वतः ठरवतात का. प्रत्येक गोष्टीला एक, तीन किंवा पाच गुण. आम्ही ते साधन जसंच्या तसं घेतलेलं नाही, पण सांगाडा तोच आहे.

ताई : मग त्या वरच्या थराबद्दलच बोलू. ‘मुलं स्वतः ठरवतात का?’ आमच्याकडे येणारी एक मुलगी सहा महिने आईबापांबरोबर ऊसतोडीला असते. मुकादमाकडून उचल किती घेतली, ती फिटली का, धाकट्याला कोपीत कुणाजवळ ठेवायचं, पाणी कुठून आणायचं, हे ती बाराव्या वर्षापासून ठरवते आहे. गॅरेजवर काम करणारा पोरगा घरभाड्यात पैसे घालतो आणि वडिलांनी दारू प्यायली की आईला घेऊन मावशीकडे जायचं की नाही हेही तोच ठरवतो. या मुलांच्या आयुष्यात ठरवण्याची टंचाई नाही. ठरवून ठरवून ती थकलेली आहेत. समाजमंदिरात दीड तास कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, ‘बस, आज हे वाचायचंय, मी सांगते,’ तेव्हा त्यांना लहान होता येतं. तुझा माणूस मात्र तिथे एक गुण देतो. तो पोरगा भिंतीला टेकून झोपला तर ‘सहभाग नाही’ लिहितो. मी तिथे असते तर लिहिलं असतं, ‘बारा तास काम करून तो इथे आला.’

संचालक : हा आक्षेप मी मान्य करतो, आणि यापुढे आमच्या प्रशिक्षणात तो घेईन. पण पूर्ण नाही मान्य करत. झोपलेल्या मुलाबद्दल तुम्ही बरोबर आहात. दाराजवळ बसलेल्या मुलींबद्दल काय? जवळपास प्रत्येक केंद्रात हे दिसतं. पुढे चार-पाच मुलगे, प्रश्न त्यांना, उत्तर त्यांचं, शाबासकी त्यांना. दारापाशी मुली, त्यांच्या मांडीवर धाकटी भावंडं, आणि अख्ख्या तासात त्यांच्याकडे कुणी नजर टाकलेली नसते. वर्ग घेणारी ताई वाईट नसते. तिला ते दिसतच नाही, कारण ती फळ्यापाशी उभी आहे आणि उत्तर देणाऱ्यांमुळे तिचा वर्ग चालल्यासारखा वाटतो. मागे बसलेल्या माणसाला ते पाच मिनिटांत दिसतं. तासानंतर तिला फक्त एवढं दाखवलं, की आज कुणाला किती प्रश्न गेले, तर ती स्वतःच म्हणते, ‘अरे, या चौघींना एकही नाही!’ कायद्यात, पुस्तकात, कुठल्याही शिबिरात हे तिला असं कळत नाही. बाहेरच्या नजरेचा उपयोग इथे आहे. मुलाचं घर आम्हाला तुमच्याइतकं कधीच कळणार नाही. तास कदाचित तुमच्याहून जास्त दिसू शकेल.

ताई : दिसेल, हे मी नाकारत नाही. दिसल्यावर काय होतं ही माझी भीती आहे. कागदावर आकडा आला की तो एका जागी राहत नाही. आज तो ताईला दाखवायला आहे, उद्या तो संस्थेच्या अहवालात जातो, परवा पैसे देणाऱ्याच्या टेबलावर. आणि तिथे बसलेल्या माणसाला वस्ती माहीत नसते. त्याला एवढंच दिसतं की हे केंद्र दोन गुणांचं आणि ते चार गुणांचं.

संचालक : तुमची भीती खरी ठरल्याचं उदाहरण मीच देतो. अमेरिकेत शाळा सुटल्यानंतरच्या केंद्रांसाठी केंद्र सरकारची मोठी योजना आहे. वर्षाला साधारण १०० कोटी डॉलर त्यात जात होते. २००३ मध्ये तिच्या मूल्यमापनाचा पहिला अहवाल आला, त्यात मुलांच्या अभ्यासावर फारसा परिणाम दिसला नाही. लगेच त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ही रक्कम ६० कोटींवर आणायचा प्रस्ताव आला. केंद्रं कशी सुधारावीत हा प्रश्न कुणी विचारला नाही. मोजमाप थेट कपातीच्या कामी आलं. लोकप्रतिनिधींनी आणि पालकांनी विरोध केला म्हणून कपात टळली. या अनुभवातून तिथल्या काही जाणत्यांनी धडा घेतला, की केंद्राच्या गुणांवर बक्षीसही ठेवायचं नाही आणि शिक्षाही नाही. गुण केंद्राचे, केंद्रापाशी. त्यांवरून केंद्रातल्या लोकांनी स्वतः योजना आखायची. या पद्धतीची चाचणी ८७ केंद्रांत झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. काही केंद्रांना ही पद्धत चिठ्ठ्या टाकून दिली, बाकीच्यांना नंतर. जिथे दिली तिथे केंद्र चालवणाऱ्यांची कामाची रीत बदलली, वर्ग घेण्याचा दर्जा वाढला, आणि काम करणारी माणसं जास्त काळ टिकली. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

ताई : मुलांचं काय झालं?

संचालक : त्या अभ्यासातून ताई-दादांपर्यंतचा बदल सिद्ध होतो. मुलांपर्यंतचा नाही.

ताई : मग तू कशाच्या बळावर सांगतोस की मुलांचं भलं होतं?

संचालक : तर्काच्या बळावर, आणि शेजारच्या पुराव्याच्या. मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची पाहणी झाली. वस्तीतल्याच, शाळा पूर्ण केलेल्या मुली, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. मागे पडलेली मुलं त्यांच्याकडे दिवसातले दोन तास बसायची. त्या मुलांचे गुण स्पष्ट वाढले. म्हणजे वस्तीतल्या मुलीच्या हातून शिकणं होतं, याबद्दल शंका उरत नाही. पण कार्यक्रम सुटल्यावर वर्षभरात ती वाढ बरीच ओसरली, हेही त्याच अभ्यासाने सांगितलं. पुढे बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना तीच पद्धत दिली. पुस्तकं दिली, प्रशिक्षण दिलं, आणि फरक दिसला नाही. हरियाणात २०१२-१३ साली मात्र दिसला. तिथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. दिवसातला एक तास फक्त याच कामाला राखून ठेवला होता. आणि शिक्षकांना भेटी देणाऱ्या गट समन्वयकांनी आधी पंधरा-वीस दिवस स्वतः मुलांना त्या पद्धतीने शिकवून पाहिलं होतं. साहित्य, प्रशिक्षण सगळीकडेच होतं. हरियाणात राखलेला वेळ होता, आणि जाणून पाहणारं माणूस परत परत येत होतं.

ताई : थांब. तू तुझ्याच तोंडाने सांगितलंस, की भेटी देणाऱ्यांनी आधी स्वतः शिकवलं. तुझ्या संस्थेतल्या किती जणांनी शिकवलंय? माझ्याकडे येतात ती मुलं हुशार आहेत, प्रेमळ आहेत. एम.एस.डब्ल्यू. झालेली, फेलोशिप केलेली. पण चाळीस मिनिटं पंचवीस पोरांपुढे, दिवे गेलेले असताना, बाहेर डीजे वाजत असताना उभं राहिलेली त्यांतली फार थोडी. मग आमच्या ताया त्यांच्यासमोर वर्ग दाखवायला घेतात. भेट असली की वेगळा तास, भेट नसली की वेगळा. तुझा फॉर्म मग काय पाहतो?

संचालक : याचं उत्तर द्यायचं तर मला संस्था चालवण्याबद्दल बोलावं लागेल. लोकांना वाटतं संचालक म्हणजे दिशा देणारा माणूस. माझ्या दिवसाचा मोठा भाग मात्र न दिसणाऱ्या कामासाठी पैसा आणि वेळ राखण्यात जातो. तुम्ही म्हणता ते करायचं तर आमच्या प्रत्येकाने दरवर्षी काही आठवडे तुमच्यासारख्या केंद्रात वर्ग घ्यायला हवा. मी हे करणार आहे. पण तेवढे आठवडे तो माणूस इतर केंद्रांना भेट देणार नाही, म्हणजे माझ्या अहवालात केंद्रांची संख्या कमी दिसेल. कंपन्यांकडून येणारा पैसा २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या दोन टक्क्यांचा, तो प्रकल्पाच्या रूपात येतो. चालू प्रकल्प म्हटला तरी सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं. एक कोटीच्या वरचा प्रकल्प आणि मोठी कंपनी असेल, तर प्रकल्प संपून वर्ष झाल्यावर परिणामाची तपासणी बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावी लागते. कायद्यामागचा हेतू चांगला आहे. पण त्यामुळे देणारा पहिल्या बैठकीतच विचारतो, ‘किती केंद्रं, किती मुलं?’ ‘वर्ग घेणारी माणसं तीन वर्षं टिकतील का?’ असं मला अजून कुणी विचारलेलं नाही.

(इथे लेखक म्हणून एक गोष्ट जोडायला हवी, कारण या वादात ती नेहमी मागे राहते. २०२० च्या सप्टेंबरात परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, आणि त्यातून प्रशासनावर होणारा खर्च पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणायचा, असे त्यातले दोन मोठे बदल. संचालकांच्या संस्थेसारख्या मध्यस्थ संस्था त्याआधी लहान वस्तीसंस्थांना सल्ल्याबरोबर थोडा पैसाही पोहोचवू शकत. आता परदेशी पैशातून त्या प्रशिक्षण देऊ शकतात, मानधन पोहोचवू शकत नाहीत. ताईंचा पुढचा प्रश्न ज्या कात्रीतून येतो ती कात्री या दोघांपैकी कुणीही तयार केलेली नाही. माझ्या मते या बदलाने लहान संस्थांचं सर्वांत जास्त नुकसान झालं आहे.)

ताई : मानधनाचं बोल. तुझ्या संस्थेतला प्रशिक्षक जे कमावतो त्याचा पाव हिस्साही आमच्या ताईला मिळत नाही. गेल्या काही वर्षांत तुम्ही ज्यांना तयार केलंत, त्यांतल्या चांगल्यातल्या चांगल्या मुली कुठे गेल्या? एक मॉलमध्ये कॅश काउंटरवर आहे. एक अंगणवाडीत मदतनीस झाली, कारण तिथे निदान कायमचं काहीतरी आहे. एक तुमच्याकडेच आली. ती हुशार होती म्हणून तुम्ही तिला घेतलंत, आणि आमचं केंद्र तिच्यावाचून तीन महिने बंद होतं. तुझं काम मला शेतात मोटेने पाणी काढून पाट न बांधणाऱ्या माणसासारखं वाटतं. तुम्ही माणसं तयार करता, ती वाहून जातात. तो सगळा पैसा मानधनात घातला असता तर मला तुमच्या निरीक्षणाची गरज पडली नसती. माणूस टिकला की तो आपोआप शिकतो.

संचालक : ‘आपोआप शिकतो’ इथे मी तुमच्याशी भांडणार, ताई. दहा-पंधरा वर्षं टिकलेली माणसं मी पाहिली आहेत. काही उत्तम झाली. काही पहिल्या वर्षी जसा तास घ्यायची तसाच अजून घेतात, फक्त आवाज मोठा झाला आहे. टिकणं आणि वाढणं या दोन गोष्टी आहेत. पण मानधनाशिवाय दोन्ही नाहीत, हे तुमचं म्हणणं मला टाळता येत नाही. आणि तुमची मुलगी आम्ही घेतली हे घडायला नको होतं. यापुढे आमच्या भागीदार संस्थेतलं माणूस घ्यायचं असेल तर आधी त्या संस्थेशी बोलणं होईल आणि जागा भरेपर्यंत आमचा माणूस तिथे वर्ग घेईल, असा नियम मी करीन. देशातल्या देणगीदारांकडे मी एक अट घालू शकतो, की तुमच्या पैशातला ठरावीक भाग भागीदार संस्थांच्या मानधनात जाईल. काही देणगीदार जातील. जे राहतील त्यांच्यावर आमचं पोट किती चालेल, ते मला सांगता येत नाही.

ताई : आता आपण कामाच्या गोष्टीवर आलो. पण एक अजून आहे. आपण दोघं एवढा वेळ ताईबद्दल बोलतोय. ज्याच्यासाठी हे सगळं, त्या पोराला विचारलं तर तो दर्जा म्हणजे काय सांगेल? जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्यातलं शहाणपण मला पद्धतीत दिसत नाही, वेळेत दिसतं. जो दिवसभर राबतो त्याच्यासाठी शाळेने आपली वेळ बदलली. पोराला पहिलं हे हवं असतं, की तुम्ही माझ्या वेळेला या.

संचालक : आणि दुसरं, की मी उपाशी आहे हे ओळखा. मुंबईत निकिता केतकर यांनी २००८ मध्ये ‘मासूम’ ही संस्था सुरू केली. त्यांनी नव्या शाळा काढल्या नाहीत, आहेत त्या रात्रशाळांबरोबर काम केलं. मुलं कामावरून थेट शाळेत यायची, काही न खाता. दिवसा ज्या इमारतीत शाळा भरते तीच इमारत, पण प्रयोगशाळा रात्री कुलुपात. त्यांनी आधी खाण्याची सोय केली, फिरती प्रयोगशाळा आणली, मग त्या शिक्षकांबरोबर बसल्या. मी हे उदाहरण माझ्या बाजूने वापरणार आहे. बाहेरची संस्था होती म्हणूनच हे झालं. रात्रशाळेतल्या शिक्षकाला खाण्यासाठी पैसा मागायला दार नव्हतं. आणि तुमच्याही बाजूने ते जातं, हे मी मान्य करतो. त्यांनी फॉर्मने सुरुवात केली असती तर पहिल्या थरातच कळायला हवं होतं, की भूक हीसुद्धा सुरक्षिततेचीच बाब आहे. आमच्या फॉर्ममध्ये आज खाण्याचा प्रश्न शेवटच्या पानावर आहे.

ताई : तो पहिल्या पानावर आण. आणि मुलांना विचारायचं पानही घाल. पण मग एक अडचण येईल, ती तू अजून बघितलेली नाहीस. तू म्हणालास, गुण केंद्रापाशी राहतील, शिक्षा नाही, बक्षीस नाही. मला ते पटलं. समजा एका वस्तीत एकच अभ्यासिका आहे. चालवणारा दादा कष्टाळू, पोरांना घरून उचलून आणणारा, त्याच्यामुळे सोळा-सतरा पोरं दहावी झालेली. आणि तो मारतो. कानाखाली मारतो, जातीवरून बोलतो, मुलींना ‘तुला काय करायचंय शिकून’ म्हणतो. तुझ्या माणसाने ते पाहिलं. आता?

संचालक : लैंगिक छळ असेल तर प्रश्नच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं सक्तीचं आहे, आम्ही कळवतो, गुपित संपतं. मारण्याबद्दल शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ आहे, पण ते शाळेला लागू. अभ्यासिका शाळा नाही. जातीवरून अपमान केला तर अॅट्रॉसिटीच्या कायद्याची वाट आहे, ती त्या मुलाच्या घरच्यांनी धरायची ठरवली तर. अशा केंद्रांसाठी आम्ही आत एक रेषा ओढली आहे. ती ओलांडली तर संस्थेच्या प्रमुखांना सांगायचं, आणि मुदत द्यायची.

ताई : आणि प्रमुख तोच दादा असेल तर? मुदत संपली आणि काही बदललं नाही तर? तू देणगीदाराला सांगितलंस तर पैसा बंद होईल, अभ्यासिका बंद होईल, आणि ती पोरं संध्याकाळी नाक्यावर असतील. आणि दुसऱ्या दिवशी आसपासच्या प्रत्येक केंद्रात बातमी जाईल, की तुझ्या माणसाने पाहिलं ते वर गेलं. मग पुढे कुणी तुला खरा वर्ग दाखवणार नाही. तू नाही सांगितलंस, तर तू त्या मारण्याचा साक्षीदार आहेस, आणि तुझ्या अहवालात ते केंद्र ‘सुधारणेच्या प्रक्रियेत’ म्हणून मोजलं जातंय.

संचालक : याच्यावर मी बराच विचार केला आहे आणि माझं मत एका जागी थांबत नाही. एक दिवस वाटतं, विश्वास मोडला तरी चालेल, एकाही मुलाचा मार आम्ही आमच्या कामाच्या पद्धतीसाठी चालवून घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी दिसतं, की आम्ही बाहेर पडलो तर मार थांबत नाही, फक्त तो पाहणारं कुणी उरत नाही. माझ्यापुढे असलेल्या मार्गांपैकी मला कमी वाईट वाटतो तो एक. ही रेषा आम्ही एकट्याने ओढायची नाही. कुठलं वागणं चालणार नाही याची यादी त्या परिसरातल्या सगळ्या केंद्रांतल्या मुलांनी करायची, मुलींनी वेगळं बसून करायची, आणि ती सगळ्या केंद्रांच्या भिंतीवर लावायची. मग कुणी रेषा ओलांडली तर तो आमच्या फॉर्मचा प्रश्न राहत नाही.

ताई : मुलांना विचारशील तर ती मारापासून सुरुवात करतीलच असं धरू नकोस. बरीच म्हणतील, मारलं तर चालेल, पण शिकवा. त्यांच्या घरी तेच ऐकलंय त्यांनी. मग त्यांची यादी पाळणार, की तुझी?

संचालक : मारापुरती माझी.

ताई : मग ती त्यांची यादी नाही. तसं स्पष्ट सांग त्यांना, त्यांची म्हणून भिंतीवर लावू नकोस. ‘ही आमची अट, ही तुमची यादी,’ दोन कागद लाव.

संचालक : लावीन. आता मी विचारतो. त्यांच्या कागदावर तुमच्या केंद्राबद्दल काही आलं तर? समजा मुलींनी लिहिलं, की ताई आमच्याकडे बघत नाहीत, पुढच्या पोरांनाच विचारतात?

ताई : मला राग येईल. मी म्हणेन, मी पदरचे पैसे घालून हे केंद्र चालवते आणि या काल आलेल्या. मग दोन दिवसांनी मी त्यांना पुढे बसवीन. तू ते मला आधी सांगायचंस, माझ्या तायांसमोर नाही, मला एकटीला.

संचालक : आणि देणगीदाराला?

ताई : दोन महिन्यांत मी काही केलं नाही तर सांग. नाही, थांब. माझं केंद्र बंद पडलं तर त्या मुली कुठे जातील, हे आधी मला दाखव. दुसरी जागा आहे असं तू दाखवू शकलास तर सांग. आज आमच्या वस्तीत दुसरी जागा नाही.

संचालक : म्हणजे दुसरी जागा उभी राहीपर्यंत मी गप्प बसायचं, आणि दुसरी जागा उभी करणं हे माझं काम नाही असं तर तुम्हीच सुरुवातीला म्हणालात. मी वर्ग चालवत नाही.

ताई : तसं मी म्हटलं खरं. मग ते तुझं काम आहे की नाही, हे आता तुला ठरवावं लागेल. आणि मला हेही ठरवावं लागेल, की माझ्या वस्तीत माझ्याच केंद्रासमोर तू दुसरं केंद्र उभं करायला निघालास तर मी तुला मदत करीन का.